‘बघतो’ म्हणण्याची सवय कशी मोडावी?

चाकणकर:
मी एका कारखान्याच्या नियोजन विभागात काम करतो. कोणी काही सांगितले की माझ्या तोंडून आपसूक ‘बघतो’ निघते, आणि तो होकार आहे, नकार आहे की नुसती वेळ मारून नेणे आहे, हे त्या क्षणी मलाही ठाऊक नसते. आईच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर ‘शुक्रवारी आईंना तपासणीला न्यायला हवे’ असे पत्नी म्हणाली, मी ‘बघतो’ म्हणालो. तिने तो होकार मानला, ती नेईल असे मी धरून चाललो, आणि आई तयार होऊन दोन तास बसून राहिली. त्याच आठवड्यात शेजारच्या विभागाने माझ्या अशाच एका ‘बघतो’वर विसंबून ट्रक मागवला आणि तो रिकामा परत गेला. स्पष्ट बोलावे, तर उद्धट ठरण्याची भीती वाटते. काय करावे?

निवृत्त स्टेशन मास्तर:
फाटक बंद आहे का, या प्रश्नावर गेटमनचे नुसते ‘हो’ आम्हाला चालत नसे. फाटक बंद केल्यावर तो आपल्या तक्त्यातला प्रायव्हेट नंबर, म्हणजे खात्रीची खूण म्हणून द्यायचा आकडा, सांगे, तो आम्ही नोंदवहीत लिहीत असू आणि एकदा वापरलेला आकडा खोडला जाई. सवयीने होकार देता येतो, आकडा मात्र तक्ता पाहिल्याशिवाय सांगता येत नाही. २७ मार्च १९७७ रोजी स्पेनच्या तेनेरिफ बेटावरील विमानतळाच्या धावपट्टीवर दोन जंबो विमाने आदळून ५८३ माणसे मृत्युमुखी पडली, त्यामागच्या अनेक कारणांमध्ये उड्डाणाच्या परवानगीविषयीचे मोघम बोलणे आणि नियंत्रकाचे एक ‘ओके’ होते. घरात इतका काटेकोरपणा कोणी मागत नाही, पण ‘म्हणजे शुक्रवारी चार वाजता आईला मी नेणार’ एवढे वाक्य परत म्हणून दाखवायला काही सेकंदच लागतात, आणि त्यात उद्धटपणा नाही.

शब्दवेडी:
मास्तरांचा उपाय योग्य आहे, परंतु दोष फक्त उत्तरात नाही. ‘न्यायला हवे’ या वाक्यात कर्ता कुठे आहे? मराठीत तो सहज गाळता येतो: ‘गॅस संपत आला आहे’, ‘किराणा आणायला हवा’. ऐकणाऱ्याचा समावेश असलेले ‘आपण’ आणि त्याला वगळणारे ‘आम्ही’ असा हिंदीतल्या ‘हम’मध्ये नसलेला नेमका भेद आपल्याकडे आहे, तरीही ‘आपण करून टाकू’ म्हणताना बोलणारा स्वतः त्या ‘आपण’मध्ये क्वचितच असतो. मात्र याचा ठपका पत्नीवर ठेवू नका. थेट ‘तुम्ही न्या’ म्हटले की ‘हुकूम सोडते’ असे ज्यांना ऐकावे लागते, त्या बहुधा कर्ता गाळूनच बोलायला शिकतात. तेव्हा ‘मी नेऊ का?’ हा प्रश्न तुमच्याकडून यायला हवा.

विदर्भवासी:
भीड ही भिकेची बहीण, असे आमची आजी म्हणत असे. ‘बघतो’ऐवजी ‘उद्या ११ वाजेपर्यंत सांगतो’ म्हणा, आणि ११ वाजता उत्तर नसेल तर तेवढेच कळवा. लोकांना नकारापेक्षा ताटकळणे अधिक लागते. वरिष्ठांनी चारचौघांत विचारले तर हे अवघड जाते, हे मान्य आहे. तेव्हा निदान तारीख तरी मागून घ्यावी.

चाकणकर:
सर्वांचे आभार. चार दिवस प्रयत्न करत आहे. मी काही कबूल केले की पत्नी आता ‘प्रायव्हेट नंबर सांगा’ म्हणते. कार्यालयात काल व्यवस्थापक ‘हा अहवाल आपण सोमवारपर्यंत देऊन टाकू’ असे म्हणाले, तेव्हा धीर करून ‘आपण म्हणजे मी का, साहेब?’ असे विचारले. ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, “हो, तुम्हीच.” मग मी बुधवार मागितला, आणि तो मिळाला.