बारावीनंतर अमेरिकेत आधी कम्युनिटी कॉलेज, मग विद्यापीठ: हा मार्ग घ्यावा का?

प्रश्न (एक पालक, इंदिरानगर, नाशिक)

नमस्कार. माझी मुलगी यंदा विज्ञान शाखेतून बारावी उत्तीर्ण झाली असून तिला संगणकशास्त्र शिकायला अमेरिकेत जायचे आहे. चार वर्षांचा खर्च आम्हाला झेपणारा नाही, म्हणून कॅलिफोर्नियातील एखाद्या कम्युनिटी कॉलेजात (दोन वर्षांच्या स्थानिक सरकारी महाविद्यालयात) पहिली दोन वर्षे पूर्ण करून तिसऱ्या वर्षी विद्यापीठात जाण्याचा विचार तिने मांडला आहे. तेथे एका युनिटला (प्रत्येक विषयाला ठरावीक युनिट असतात) ४६ डॉलर शुल्क पडते, असे तिने वाचले आहे. हा आकडा धरून हिशेब मांडावा का, आणि शेवटी मिळणारी पदवी कमी दर्जाची तर ठरणार नाही ना? नातेवाइकांच्या मते, सीईटीचे गुण बरे असताना नाशिकमध्येच प्रवेश घ्यावा.

उत्तर (मूळची नाशिकरोडची, सध्या सॅन होजे)

काका, ४६ डॉलरचा दर कॅलिफोर्नियाच्या रहिवाशांसाठी आहे. परदेशी विद्यार्थ्यांकडून त्याशिवाय अनिवासी शुल्क घेतले जाते आणि ते या दराच्या कित्येक पट असते. तरीही विद्यापीठाच्या तुलनेत ते पुष्कळ कमी आहे. मात्र बहुतेक कम्युनिटी कॉलेजांना वसतिगृह नसते आणि आमच्या भागातील घरभाडे फार जड आहे, त्यामुळे बचत शुल्कात होते, राहण्याच्या खर्चात होत नाही.

पदवीची काळजी करू नका. पदवी विद्यापीठाचीच मिळते आणि पहिली दोन वर्षे कोठे झाली, याचा पदवी प्रमाणपत्रावर उल्लेख नसतो.

खरे लक्ष विषयांच्या निवडीकडे द्यावे लागते. तिसऱ्या वर्षी प्रवेशासाठी साधारण ६० सेमिस्टर युनिट लागतात (वर्षाची आणखी लहान सत्रे पाडणाऱ्या क्वार्टर पद्धतीच्या कॉलेजात ९०), पण केवळ युनिट भरून भागत नाही. आपल्या कॉलेजातील कोणता विषय कोणत्या विद्यापीठात कशाच्या जागी धरला जाईल, हे ‘असिस्ट’ या संकेतस्थळावर पाहून पहिल्या सत्रापासूनच विषय घ्यावे लागतात. कॅल्क्युलस आणि प्रोग्रामिंगचे विषय एकापुढे एक असे लागतात. पहिला सुटला की पुढचे सगळे सत्रभर मागे पडतात. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या पदवी शिक्षण देणाऱ्या नऊपैकी सहा शाखा (वेगवेगळ्या शहरांतील कॅम्पस) ठरलेल्या अटी पूर्ण करणाऱ्यांना ‘टॅग’ योजनेत प्रवेशाची हमी देतात. बर्कली, लॉस एंजेलिस आणि सॅन डिएगो त्यांत नाहीत. सांता बार्बरा त्या सहांत आहे, पण तेथील संगणकशास्त्र अभियांत्रिकी महाविद्यालयात येते आणि त्या महाविद्यालयाला ही हमी लागू नाही. म्हणून शाखेचे नाव पाहून थांबू नका, विषयाची अट वाचा.

उत्तर (अभियांत्रिकीचे शिक्षक, नाशिक)

दहावीनंतर तंत्रनिकेतनातून पदविका घेऊन थेट द्वितीय वर्षाला येणारे विद्यार्थी मी दरवर्षी शिकवतो. त्यांचा हात प्रात्यक्षिकांत चांगला चालतो, पण गणिताच्या वेगाने पहिल्या सत्रात त्यांची दमछाक होते. तिकडेही विद्यापीठात थेट तिसऱ्या वर्षाला बसताना असाच वेग गाठावा लागेल. आपल्याकडे केंद्रीय प्रवेश प्रक्रिया विद्यार्थ्याला हाताला धरून नेते, तिकडे विषयांची जुळवाजुळव मुलीलाच करावी लागेल. ती तिने आतापासून स्वतः करून पाहावी, एजंटावर सोपवू नये. मुंबईच्या वाणिज्य दूतावासातील व्हिसा मुलाखतीतही हेच कॉलेज का आणि दोन वर्षांनी पुढे काय, हे तिला स्वतःच्या शब्दांत सांगता आले पाहिजे.

प्रश्नकर्ते पालक

आपण दोघांनी इतके सविस्तर लिहिले, मनापासून आभार. शेवटच्या दोन वर्षांसाठी शिष्यवृत्तीची आशा धरावी का?

उत्तर (सॅन होजे)

धरू नये, असे मी स्पष्टपणे सांगते. मध्येच बदलून येणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यांना मदत फारच थोडी मिळते. कॅलिफोर्निया विद्यापीठात राहण्याखाण्यासह वर्षाला ७० हजार डॉलरच्या वर खर्च येतो; सॅन होजे स्टेटसारखी राज्य विद्यापीठे त्याहून स्वस्त आहेत. तेव्हा आधी तिसऱ्या आणि चौथ्या वर्षाचा हिशेब मांडा आणि बँकेत कर्जाची विचारणा चारही वर्षे धरून करा. तो हिशेब जमत नसेल, तर पहिल्या दोन वर्षांत वाचलेले पैसे उपयोगी पडणार नाहीत. तसे असल्यास नाशिकमध्ये पदवी घेऊन एमएससाठी येणे मला अधिक योग्य वाटते.