‘काउंटरवरची मुलगी हसली नाही’ : दिवाळीच्या रविवारी फ्रायरपाशी कोण उभं असतं?

फ्राइजवाली
काल ‘जुना पुणेकर’ यांनी लिहिलेलं वाचलं आणि डोकं तापलं, म्हणून वेगळा धागा काढतेय. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं : वसुबारसेआधीच्या रविवारी नातवंडांना घेऊन मॉलमध्ये गेलो, बर्गरसाठी चाळीस मिनिटं ताटकळलो, फ्राइज गार मिळाल्या, काउंटरवरची मुलगी एकदाही हसली नाही. हल्लीच्या पोरांना कष्ट नकोत.

ती मुलगी मी नव्हे. पण कॉलेजात असताना दोन दिवाळ्या मी तिच्याच जागी उभी होते. दुकानाचं नाव सांगणार नाही.

त्या रविवारी लोकांच्या हातात बोनस पडलेला असतो. कपडे, कंदील, पणत्या घेऊन झालं की दीडच्या सुमारास सगळं पुणे एकदम भुकेलं होतं. काका, तुम्हाला तुमच्यापुढची दहा माणसं दिसत होती. आतल्या स्क्रीनवर तीन रांगा एकत्र येतात : काउंटरची, बाहेरच्या टचस्क्रीनवरून आलेली, आणि मोबाइलवरून मागवणाऱ्यांची. तिसरी रांग तुम्हाला दिसतच नाही. हेल्मेट हातात घेतलेली डिलिव्हरीची मुलं दिसतात तेवढीच.

फ्राइजचं सांगते. गोठवलेले बटाटे तेलात सोडले की तेलाचं तापमान खाली येतं. गर्दी आहे म्हणून बास्केट काठोकाठ भरली तर तेल गार पडतं आणि फ्राइज तेल पितात. घरी चकलीचा घाणा जास्त टाकला की होतं तेच. त्यामुळे कितीही ओरडा झाला तरी एका घाण्याला जेवढा वेळ लागतो तेवढा लागतोच. आणि तुमच्या गार का झाल्या असतील? ट्रे तयार होऊन एका बर्गरसाठी थांबला असेल. ‘कांदा नको, सॉस वेगळा’ असं कुणीतरी सांगितलं की तो बर्गर पहिल्यापासून करावा लागतो.

अकराची शिफ्ट होती. जेवायला अर्धा तास मिळाला तो साडेपाचला, मागच्या बोळात कोल्ड्रिंकच्या क्रेटवर बसून. बंद झाल्यावर तेल गाळायचं, फरशी घासायची. पाऊण वाजता बाहेर पडले तेव्हा पीएमपीची शेवटची बस केव्हाच गेलेली. रिक्षात दिवसाच्या कमाईतला मोठा वाटा गेला. घरी आई चकल्या तळत जागी होती. तिने गरम चकली पुढे केली आणि तळणाच्या वासाने मला मळमळलं. त्या वर्षी मी फराळाला हात लावला नाही. आईला अजून वाटतं मी डाएटवर होते.

हसू ट्रेनिंगमध्ये शिकवतात. सातव्या तासाला चेहरा ऐकत नाही.

जुना पुणेकर
ताई, आपण मनापासून लिहिलंत म्हणून उत्तर देतो. माझा राग मुलीवर एकटीवर नव्हता. पण मी बासष्ट वर्षांचा आहे, गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, बरोबर सहा वर्षांचं पोर. चाळीस मिनिटं उभं राहिल्यावर माणूस दोन गोड शब्दांची अपेक्षा करतो. मी बँकेत ३४ वर्षं काउंटरवर काढली. पगाराच्या दिवशी रांग दाराबाहेर जायची. आम्ही बोलत होतो लोकांशी.

शनिपार
बँकेत तुम्ही खुर्चीवर बसला होता, काका. हाच तर फरक आहे.

साताऱ्याचा वडेवाला
सगळी चर्चा नोकराच्या बाजूनं चाललीय म्हणून लिहितो. पोवई नाक्याजवळ माझी गाडी आहे, सोळा वर्षं. दिवाळीच्या आठवड्यात हाताखालची दोन्ही पोरं गावाला जातात. जाऊ नका कसं म्हणणार? मग मी, बायको आणि पुतण्या. पहाटे चारला बटाटे उकडायला टाकतो, रात्री दहाला कढई उतरवतो. मला कुणी अर्ध्या तासाचा ब्रेक देत नाही. गिऱ्हाईक आलं की मी हसतो, कारण हसून बोललेलं गिऱ्हाईक पुन्हा येतं. ताईंना महिन्याचा पगार ठरलेला होता. पाऊस पडला तर माझं पीठ वाया जातं.

फ्राइजवाली
दादा, तुमचे कष्ट मी कुठे नाकारले? पण तुमच्या गल्ल्यात पडलेला पैसा तुमचा असतो. आमच्याकडे त्या रविवारी तिप्पट विक्री झाली आणि माझा तासाचा दर होता तोच राहिला. महिन्याचा ठरलेला पगार नव्हताच, तासावर होतं.

खातेवही
कायद्याचं बघा. राज्याच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने दुकानं वर्षभर उघडी ठेवायला मोकळीक दिली, पण कामगाराला आठवड्यातून सलग २४ तासांची सुट्टी, नऊ तासांवर काम झालं तर दुप्पट दर, आणि वर्षाला आठ पगारी सणाच्या सुट्ट्या. त्यातल्या २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या ठरलेल्या, बाकी चार मालक-कामगारांनी मिळून ठरवायच्या. ताई, तुमच्या त्या चार कोणत्या ठरल्या होत्या?

फ्राइजवाली
कुणी विचारलंच नाही. असं काही असतं हे मला आज कळतंय.

साताऱ्याचा वडेवाला
तो कायदा मुळात दहा किंवा जास्त माणसं असलेल्यांना. माझ्याकडे तीन. आणि २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने दहाची मर्यादा वीसवर न्यायला मंजुरी दिली, दिवसाचे तास नवाचे दहा करायलाही. पेपरात आलं होतं. म्हणजे तुमचा कायदा पातळच होत चाललाय.

ब्रॅम्प्टनकर
मी कॅनडात, ओंटारियोत शिकतो आणि मॉलमध्ये सँडविचच्या दुकानात काम करतो. इथे २६ डिसेंबरला, बॉक्सिंग डेला, खरेदीची झुंबड असते. ती सार्वजनिक सुट्टी आहे. आमच्या शेजारच्या कपड्यांच्या दुकानातली मुलगी त्या दिवशी ‘मी येणार नाही’ म्हणू शकते, कायदा तिच्या बाजूने आहे. तयार जेवण विकणाऱ्या दुकानांना मात्र ती सवलत लागू नाही, म्हणून मला बोलावलं की जावं लागतं. त्या तासांना दीडपट दर आणि वर सुट्टीचा पगार मिळतो, हे खरं. पण उणे पंधरात बसथांब्यावर उभा असतो तेव्हा तो दीडपट आठवत नाही. ताईंच्या आईची चकली आठवते.

शनिपार
मी वर खुर्चीचं लिहिलं ते कुणी उचललं नाही, म्हणून पुन्हा. दिवसभर उभं ठेवणं ही आपल्याकडची जुनी रीत नाही. लक्ष्मी रोडवरच्या साड्यांच्या दुकानांत पांढऱ्या गाद्या असायच्या, विकणारा मांडी घालून बसायचा आणि गिऱ्हाईकही बसायचं. माझे वडील तिथे २७ वर्षं होते. पुढे दुकानाचं नूतनीकरण झालं, गाद्या गेल्या, काचेची काउंटर आली आणि वडील उभे राहिले. चार वर्षांत पायाच्या शिरा फुगल्या. केरळने २०१८ मध्ये आणि तमिळनाडूने २०२१ मध्ये दुकानातल्या कामगारांना बसायला जागा द्यायचा कायदा केला. केरळात त्यासाठी कापडदुकानातल्या बायका लढल्या. आपण काय केलं? दुपारी एक ते चार बंद ठेवणाऱ्या पुणेकर दुकानदाराची वर्षानुवर्षं टिंगल केली. ते तीन तास वडील गोडाऊनमध्ये आडवे व्हायचे. त्या झोपेवर आमचं घर चाललं.

जुना पुणेकर
हे मात्र पटत नाही. एक ते चार बंद हा मालकाच्या जेवणाचा आणि वामकुक्षीचा हट्ट होता. त्याला कामगारांच्या कल्याणाचं नाव देऊ नका. मी बँकेतून दुपारी सुटून औषध आणायला जायचो तेव्हा शटर खाली.

कात्रजची
शनिपार, माझा भाऊ अशाच एका दुकानात आहे. दुपारी बंद असायचं तेव्हा त्याला काय मिळायचं? कात्रजला घरी येऊन परत जाणं होत नव्हतं. तीन तास कुठे घालवायचे? सारसबागेत बसायचा. त्या तासांचे पैसे नव्हते. सकाळी साडेआठला निघायचा, रात्री दहाला यायचा आणि कागदावर काम आठ तासांचं. तुमचे वडील पेठेत राहत असतील.

शनिपार
हो, आम्ही शुक्रवार पेठेत राहायचो. तुमच्या भावाचं खरं आहे. पण म्हणून दुकान दिवसभर उघडं ठेवल्यावर त्याला दोन पाळ्या मिळाल्या का? ज्या दुकानांनी वेळ वाढवली त्यांनी माणसं वाढवली का, ते सांगा.

कात्रजची
भावाच्या दुकानाने दोन पोरं घेतली. पाळ्या केल्या. आता भाऊ चारला सुटतो. म्हणून तर म्हणतेय, गोडाऊनमधल्या झोपेचं कौतुक करू नका.

शनिपार
कौतुक कसलं? माणूस कापडाच्या गाठोड्यावर झोपतो यात कौतुक नाही, एवढं मलाही कळतं. तुमच्या भावाला जे मिळालं ते सगळ्यांना मिळत नाही, मी तेवढंच सांगतोय.

साताऱ्याचा वडेवाला
मूळ विषय फ्रायरचा होता, तो पार शुक्रवार पेठेत गेला. ताई, एक सांगतो. घाण्याचं तुम्ही लिहिलंत ते शंभर टक्के बरोबर. रविवारी गर्दीला घाबरून पुतण्यानं एकदम तीस वडे सोडले, सगळे तेलकट. त्याला मी सगळ्यांसमोर बोललो. ते चुकलंच माझं. यंदा पाडव्याला गाडी बंद ठेवतोय. नुकसान होईल, बायको म्हणाली होऊ दे.

जुना पुणेकर
चाळीस मिनिटांची तक्रार मी मागे घेत नाही. त्या दुकानाने माणसं वाढवायला हवी होती आणि रांगेत दोन बाकं ठेवायला हवी होती. मुलीबद्दलचं वाक्य मात्र काढून टाकतो. ती रांगेतल्या म्हाताऱ्याइतकीच उभी होती, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही.

शनिपार, त्या गोडाऊनमध्ये पंखा तरी होता का?

शनिपार
नव्हता. खिडकी होती.