शब्दचर्चा: संप, कामगार, प्रातिनिधिक युनियन

गिरणगावचा:
गिरणी संपाची जुनी पत्रकं आणि कात्रणं वाचतोय, त्यात तीन शब्दांपाशी अडलोय. पहिला संप, कारण त्याच्या शेजारीच हरताळ आणि बंद पण येतात, आपण बोलताना तिन्ही एकच धरतो पण पत्रकं लिहिणारे तसं करत नव्हते असं दिसतंय. दुसरा कामगार, तो मजूरपेक्षा वेगळा कधी झाला? आणि तिसरा प्रातिनिधिक युनियन, हा तर कळलाच नाही, कारण जिला प्रातिनिधिक म्हटलंय त्याच युनियनला डावलून १९८२ ला अडीच लाखाच्या आसपास माणसं संपावर गेलेली दिसतात. जाणकारांनी सांगा, नुसता कोशातला अर्थ नको, कोण कुठल्या अर्थानं बोलायचं ते पण सांगा.

पोथीपान:
हरताळचं सांगतो. हट्ट म्हणजे बाजार (आपला हाट) आणि ताळ म्हणजे कुलूप, म्हणजे बाजाराला कुलूप, ही व्युत्पत्ती बहुतेक जण मानतात. मूळचं हत्यार व्यापाऱ्याचं, तो दुकान बंद ठेवतो. हरताळ फासणे मधला हरताळ मात्र निराळा, तो पिवळा खनिज रंग, पोथीतलं चुकलेलं अक्षर झाकायला वापरायचे. बंद म्हणजे पुकारणाऱ्यानं सगळ्यांनाच थांबवायचं, तुमची इच्छा असो नसो. १९९७ ला केरळ हायकोर्टानं बंद घटनाबाह्य ठरवला तेव्हा बंद आणि हरताळ वेगळे असं कोर्टानंच म्हटलं होतं, आणि त्याच वर्षी सुप्रीम कोर्टानं तो निकाल कायम ठेवला.

वडोदऱ्याहून:
आमच्याकडे गुजरातीत संप म्हणजे एकोपा! घरात संप आहे म्हणजे सगळे मिळूनमिसळून राहतात, काम बंद ठेवण्याला हडताल म्हणतात. मराठी घरात वाढल्यामुळे लहानपणी दोन्ही अर्थ कानावर पडायचे आणि घोळ व्हायचा.

सुतगिरणी:
वडोदऱ्याच्या ताईंनी बरोबर जागी बोट ठेवलं. एकत्र येणं आणि काम थांबवणं हे मराठीत एकाच शब्दात आहे, आणि म्हणूनच मालक आणि सरकार या शब्दाला इतके बिचकून असायचे, एकट्यानं काम सोडलं तर ती गैरहजेरी, सगळ्यांनी ठरवून सोडलं तर संप. आणि संप पगारासाठीच असतो हे पण खरं नाही. १८९० च्या सुमारास मुंबईत न्हाव्यांचा संप झाला, विधवांचं केशवपन आम्ही करणार नाही म्हणून, आणि त्यामागे नारायण मेघाजी लोखंडे होते, ज्यांनी १८८४ मध्ये गिरणीतल्या लोकांची बॉम्बे मिलहँड्स असोसिएशन काढली आणि ज्यांच्या खटपटीमुळे १० जून १८९० ला रविवारची सुट्टी पदरात पडली तेच लोखंडे. म्हणजे आपल्याकडे संप हा शब्द अगदी सुरुवातीपासून माणसाच्या हक्काशी बांधलेला आहे, बाईचा हक्क धरून.

मग १९३८ चं बघा. मुंबई सरकारनं औद्योगिक तंट्यांचं बिल आणलं, ठराविक परिस्थितीत संप बेकायदा आणि संपकऱ्याला शिक्षा, आणि सरकार काँग्रेसचं, म्हणजे निवडून आलेलं. बाबासाहेबांनी सप्टेंबरमध्ये विधिमंडळात जे भाषण केलं त्याचा गाभा असा की संप म्हणजे स्वातंत्र्याच्या हक्काचंच दुसरं नाव, काम सोडणं हा फार तर करारभंग, त्याला गुन्हा ठरवलात तर माणसाला इच्छेविरुद्ध राबवल्यासारखं होईल आणि ती गुलामी. ७ नोव्हेंबर १९३८ ला त्या बिलाविरुद्ध एक दिवसाचा संप झाला, त्यात बाबासाहेबांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि लाल बावटावाले, म्हणजे कम्युनिस्ट, दोघं बरोबर होते. मला हा मुद्दा फार महत्त्वाचा वाटतो कारण नंतर सुप्रीम कोर्टानं १९६१ मध्ये म्हटलं की संघटना करण्याचा मूलभूत हक्क आहे पण त्यात संपाचा मूलभूत हक्क येत नाही, म्हणजे एकोपा करा पण संप नको. शब्दाचे दोन तुकडेच केले की.

आणि जाता जाता, टाळेबंदी. २०२० मध्ये पेपरांनी लॉकडाऊनला टाळेबंदी लिहायला सुरुवात केली, पण गिरणगावातल्या माणसाला टाळेबंदी म्हणजे मालकानं गेटला लावलेलं कुलूप. दोन्हीला एक शब्द नको होता.

कोशवाला:
कामगार बद्दल. आज कोणी कल्पना करणार नाही पण एकोणिसाव्या शतकात कामगार म्हणजे अधिकारी, सरकारी कामावर नेमलेला माणूस. जोतीराव फुल्यांचा शेतकऱ्याचा असूड उघडा, १८८३ चा, त्यात ब्राह्मण कामगार, युरोपियन कामगार असं जे येतं ते सरकारी खात्यांतल्या अंमलदारांबद्दल आहे, राबणाऱ्यांबद्दल नाही. लोखंडे जोतीरावांचे सत्यशोधक सहकारी, आणि पुढच्या चाळीसेक वर्षांत तोच शब्द गिरणीतल्या माणसाकडे आला, १९२८ ला युनियन निघाली तिचं नाव गिरणी कामगार युनियन. मजूर मात्र फारसीतल्या मुज्द म्हणजे मजुरीवरून, रोज मोजून घेणारा, त्यामुळे शेतमजूर, बांधकाम मजूर, रोजगार हमीवरचा मजूर. नोकरी कायम, युनियनच्या वर्गणीची पावती फाडलेली, गेटवर मीटिंग, की झाला कामगार.

बाबासाहेबांनी १९३६ ला पक्ष काढला तो मात्र मजूर नावानं, कामगार नाही, आणि मला वाटतं ते नुसतं इंग्रजीचं भाषांतर नव्हतं, कारण त्यांना गिरणीच्या गेटाबाहेरची माणसं पण हवी होती, कोकणातली खोतांची कुळं, भूमिहीन. १९३७ ला १७ जागा लढवून १४ निवडून आल्या.

परळ नाका:
सगळं खरं पण कामगार शब्दाला एवढं डोक्यावर घेऊ नका. गिरणीत विणखात्यात अस्पृश्यांना घेत नव्हते, कारण शटलमधला धागा तोंडानं ओढावा लागायचा आणि इतर विणकरांना विटाळ व्हायचा. पगार विणखात्यात जास्त. १९२८ च्या सहा महिन्यांच्या संपात बाबासाहेबांना पुढाऱ्यांना बजावावं लागलं की सगळ्या खात्यांत प्रवेशाची मागणी घ्या नाहीतर आमची माणसं संपात राहणार नाहीत, तेव्हा कुठे ती मागण्यांच्या यादीत गेली, ती पण कुरकुरत. युनियन म्हणजे सगळे कामगार, हे तेव्हा खरं नव्हतं.

सुतगिरणी:
परळ नाका, शंभर टक्के मान्य, आणि म्हणूनच फेब्रुवारी १९३८ ला मनमाडच्या रेल्वे कामगार परिषदेत बाबासाहेब ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही असे दोन शत्रू सांगतात. पण ते युनियनपासून लांब गेले नाहीत, त्याच वर्षी नोव्हेंबरला कम्युनिस्ट पुढारी डांग्यांच्या बरोबर संपात उतरले.

गेट मीटिंग:
आता तिसरा शब्द, मी मुळात यासाठीच आलोय. प्रातिनिधिक युनियन हा बोलीतला शब्द नाही, कायद्यातला आहे, १९४६ चा मुंबई औद्योगिक संबंध कायदा. एका भागात एका उद्योगाला एकच प्रातिनिधिक युनियन, मालकाशी बोलणी तिनंच करायची, बाकीच्यांना दारातसुद्धा उभं करायचं नाही. आणि ती ठरवायची कशी, तर सभासदांची रजिस्टरं आणि वर्गणीच्या पावत्या तपासून. मतदान नाही! मुंबईच्या गिरण्यांत हे स्थान राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे होतं आणि काहीही झालं तरी हललं नाही.

आता विचार करा, त्याच कामगाराला आमदार निवडायला मत होतं, खासदार निवडायला मत होतं, फक्त गिरणीत आपल्या वतीनं कोण बोलणार हे ठरवायला नव्हतं. गुप्त मतदान घ्या ही मागणी वर्षानुवर्षं होत राहिली. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला त्यात पगारवाढ होती, बदलीवाल्यांना (रजेवरच्यांच्या जागी तात्पुरते घेतलेल्यांना) कायम करा हे होतं, पण हा कायदाच रद्द करा ही मागणी सुद्धा होती, ती बऱ्याचदा सांगायची राहून जाते. गिरणीच्या आत मत मिळालं नाही म्हणून लोकांनी ते बाहेर दिलं, १९८४ च्या लोकसभेला देशभर काँग्रेसची लाट, चारशेच्या वर जागा, आणि संपाचे पुढारी दत्ता सामंत मुंबई दक्षिण मध्य मधून अपक्ष निवडून आले. संप तोपर्यंत मोडल्यात जमा होता. मी त्या मताला कामगारांनी घेतलेली युनियनची निवडणूकच समजतो, कायद्यानं घेतली नाही म्हणून त्यांनी स्वतः घेतली.

म्हणून माझं म्हणणं, लेखात प्रातिनिधिक लिहिताना पुढे कायद्यानुसार हा शब्द जोडा, नाहीतर वाचणारा समजतो की लोकांनी निवडलेली. बोलताना लोक मान्यताप्राप्त म्हणायचे, तो जास्त प्रामाणिक शब्द, मान्यता वरून मिळते हे त्यातच दिसतं.

पोथीपान:
पण युनियनवाल्यांनी निवडणुकीत पडावं का, हा प्रश्न राहतोच. जॉर्ज फर्नांडिसांनी १९६७ ला दक्षिण मुंबईत स. का. पाटलांना पाडलं ते युनियनच्या माणसांच्या जोरावर, ठीक. पण जून १९७० ला परळचे कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाईंचा खून झाला आणि पोटनिवडणुकीत त्यांच्या पत्नी हरल्या, शिवसेनेचा पहिला आमदार तिथून आला. म्हणजे युनियन लाल आणि मत दुसरीकडे, हे गिरणगावात तेव्हापासूनच आहे.

गेट मीटिंग:
पोथीपान, मत कुठे द्यायचं ते कामगारानं ठरवावं, तेच तर पाहिजे. पडावं का याचं उत्तर कायद्यात होतं, १९२६ च्या ट्रेड युनियन कायद्यात राजकीय निधीची सोय होती, उमेदवाराच्या खर्चाला वापरता यायचा, पण तो वेगळा ठेवायचा आणि वर्गणी ऐच्छिक, कोणी दिली नाही म्हणून त्याचं सभासदत्व अडवायचं नाही. आणि १९३७ ला तर मुंबई विधानसभेच्या १७५ जागांपैकी ७ कामगारांसाठी राखीव होत्या, त्यातल्या काहींवर मतदार म्हणजे नोंदलेल्या युनियनचे सभासदच. तेव्हा मत सरसकट नव्हतं, सारा, भाडं, शिक्षण असल्या अटी होत्या, त्यामुळे कित्येकांच्या हातात पहिलं मत युनियनच्या सभासदत्वातून आलं असणार. राजकारण युनियनमध्ये शिरलं म्हणणाऱ्यांनी हे बघावं.

पुण्याची:
सगळी चर्चा गिरणीचीच झाली, बायकांच्या कामाचे शब्द राहिले. मोलकरीण चं घरेलू कामगार झालं ते संघटनांनी लावून धरलं म्हणून, २००८ ला घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला तेव्हा तो शब्द सरकारी कागदावर आला. आणि पुण्यात युनियनला पंचायत म्हणायची पद्धत आहे, हमाल पंचायत, मग १९९३ ला कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत. कचरा वेचणाऱ्या बायकांना पंचायतीनं ओळखपत्रं दिली आणि महापालिकेनं ती मान्य केली. पोलीस चोर म्हणून हटकायचे त्या बाईकडे दाखवायला कार्ड आलं. तिला संघटना शब्द कोणी विचारला तर ती पंचायतच म्हणते, आणि मीटिंगला जाते म्हणत नाही, पंचायतीत जाते म्हणते. विदर्भात किंवा सोलापूरकडे विडी कामगारांत काय म्हणतात, युनियन का संघ? तिकडच्या कोणी सांगेल का?

सोलापुरी:
आमच्याकडे युनियनच, आणि तेलुगु घरातल्या बायका सुद्धा युनियनच म्हणतात, पण बोलताना जास्त करून लाल बावटा. लाल बावट्यात आहे म्हटलं की कळतं सगळ्यांना.