‘विधी’ नेमका कुणाचा?

पायवाट:

मंडळी, प्रश्न शब्दाचा आहे, पण त्यामागे एक फजिती आहे. ती आधी सांगते.

पाड्यांवर जाऊन कायद्याची माहिती देणाऱ्या एका छोट्या गटात मी आहे. गेल्या महिन्यात येऊरच्या एका पाड्यावर शिबिर ठेवलं होतं. आदल्या रविवारी आम्ही फ्लेक्स लावून आलो: ‘मोफत विधी साक्षरता शिबिर. पात्र लाभार्थ्यांनी लाभ घ्यावा.’ मजकूर माझाच होता, तेव्हा दोष दुसऱ्या कुणाला देता येत नाही. शिबिराच्या दिवशी ठाणे स्टेशनवरून पहिली बस धरून वर पोचलो, तर झाडाखाली तीन बायका. त्यातल्या आजींच्या हातात नारळ. मला बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणाल्या, “कोनाचा इधी हाय, बाय? वारलं कोन?”

काय सांगू? आमच्यातला एक जण हसला, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या बिचाऱ्या सुतकाला म्हणून आल्या होत्या.

तर विचारायचं हे, की ‘कायदा’ हा शब्द सगळ्यांना कळतो, मग ‘विधी’ आला कुठून? आणि दुसरं, नवा फ्लेक्स पंधरा दिवसांत लागायचा आहे. त्यावर काय लिहू?

कोशकीडा:

आजींची काही चूक नाही, त्यांनी शब्दाचा चालता अर्थ घेतला. तुम्हीआम्ही रोज ‘विधी’ कुठे वापरतो? लग्नाचे विधी, अंत्यविधी आणि (माफ करा) प्रातर्विधी. नारळाऐवजी कुणी टमरेल घेऊन आलं नाही हे नशीब समजा.

मुळात शब्द ‘वि + धा’ वरून आला आहे. जे घालून दिलं, ठरवून दिलं, तो विधी. म्हणून दैवालाही विधी म्हणतात, त्यातूनच ‘विधिलिखित’. मीमांसाशास्त्रात ‘हे कर’ म्हणजे विधी आणि ‘हे करू नको’ म्हणजे निषेध. त्या वाटेने कायद्याच्या अर्थापर्यंत जाणं अवघड नाही. विधानसभा, विधेयक, विधिमंडळ हे सगळं त्याच कुळातलं. महाराष्ट्र राज्य १९६० साली झालं, त्याच वर्षी भाषा संचालनालय स्थापन झालं आणि कारभाराची परिभाषा संस्कृतकडे वळली. मंत्रालयात ‘विधी व न्याय विभाग’ आहे, गरजूंना मोफत वकील देणाऱ्या १९८७ च्या कायद्याचं मराठी नावही ‘विधी सेवा प्राधिकरण अधिनियम’ आहे. तुमच्या फ्लेक्सवरचा ‘विधी’ बहुधा तिथूनच उतरला.

‘कायदा’ अरबी. मूळ अर्थ पाया, बैठक. शिवाजी महाराजांच्या काळात राज्यव्यवहारकोश झाला तो फारसी-अरबी शब्दांना संस्कृत पर्याय देण्यासाठीच. पण वकील, फिर्याद, जामीन, दावा, तक्रार हे शब्द त्यालाही पुरून उरले. साडेतीनशे वर्षं झाली तरी कुणी ‘वकील’ हलवू शकलेलं नाही. तेव्हा फ्लेक्सवर बिनधास्त ‘कायदा’ लिहा.

जाता जाता शुद्धलेखन: सुटा शब्द ‘विधी’ दीर्घ, समासात पहिला आला तर ऱ्हस्व, म्हणजे विधिमंडळ, विधिज्ञ. ‘विधी सेवा’ तोडून लिहितात म्हणून दीर्घ.

कोर्टनाका:

मी कोर्टात कारकुनी करून निवृत्त झालो. पायवाट ताई, ‘विधी’ तरी सोपा. ‘जातमुचलका’ कुणाला समजावून पाहा.

एकदा एक कातकरी बाई सकाळपासून आमच्या टेबलाशी उभी होती. पोरगा किरकोळ भांडणात आत गेलेला. साहेबांनी जातमुचलक्यावर सोडायचं म्हटलेलं तिने ऐकलं होतं. दुपारी गर्दी ओसरल्यावर तिने पदराची गाठ सोडली आणि प्लास्टिकच्या पिशवीतला कागद माझ्यापुढे ठेवला. जातीचा दाखला! तिचा नाही, पोराचाही नाही, दिराच्या मुलाचा, शाळेसाठी काढलेला. वाडीवर तेवढा एकच होता, तो मागून आणलेला. बाईचा हिशेब सरळ होता: जात-मुचलका म्हणजे जातीचा काहीतरी कागद लागणार.

आता गंमत बघा. इथली ‘जात’ ती जात नव्हेच. अरबी-फारसी ‘जात’ म्हणजे स्वतः, खुद्द व्यक्ती. ‘साहेबांनी जातीने लक्ष घातलं’ म्हणतो ना, तीच. मुचलका म्हणजे लिहून दिलेलं बंधपत्र, शब्द तुर्की वळणाचा. दुसरा कुणी जामीन न राहता स्वतःच्या शब्दावर सुटका, एवढाच अर्थ. जिच्याकडे काहीही नसलं तरी चालावं म्हणून केलेली सोय, आणि तिच्यासाठी बाई दुसऱ्याचा कागद उसना घेऊन आलेली.

मुरबाडकर:

काका, हे वाचून पोटात कालवलं. आमच्याकडे ‘जामीन’ आणि ‘जमीन’ हाही घोळ आहे. नुसता ऐकण्यातला नाही बरं का. जामीन राहायला सातबारा नाहीतर ऐपतीचा दाखला मागतात. म्हणजे जामिनाला जमीन लागते. कातकऱ्याची वाडीच बऱ्याचदा दुसऱ्याच्या मालकीच्या जागेवर असते, तो सातबारा कुठून आणणार? आणि नात्यातल्या कुणाकडेच नसतो, तेव्हा नातलग जामीन राहतील हेही नाही.

कोर्टनाका:

अगदी. कोशकीड्यांना विचारा, ‘जामीन’ हा मुळात माणूस आहे. अरबीत हमी घेणारा तो जामीन. आपण त्याचा अर्थ ‘सुटका’ केला आणि त्या माणसासाठी ‘जामीनदार’ असा नवा शब्द पाडला.

या दुखण्यावर सर्वोच्च न्यायालयाने १९७८ सालीच बोट ठेवलं होतं, मोतीराम खटल्यात. मध्य प्रदेशातला गवंडी. त्याला दहा हजारांचा जामीन सांगितला, भाऊ उभा राहिला तर त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून तो नाकारला. न्यायमूर्ती कृष्ण अय्यरांनी त्यावर चांगलेच कान उपटले. आता कायद्यातच आहे, की जामीनपात्र गुन्ह्यात अटकेपासून आठवडाभरात जामीनदार देता आला नाही, तर तो माणूस निर्धन समजावा आणि जातमुचलक्यावर सोडावा. नव्या नागरिक सुरक्षा संहितेत कलम ४७८, जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ४३६. पण हे मागायचं असतं हे ठाऊक हवं ना! आणि मागायचा तो शब्द हा असा.

पायवाट:

काका, मग तुम्ही त्या बाईंना काय म्हणून सांगितलंत?

कोर्टनाका:

म्हटलं, “पोरगा स्वतः लिहून देईल का, तारखेला येईन म्हणून? मग बास.” ती म्हणाली, “त्याला लिवता येत नाय.” मी म्हटलं, अंगठा चालतो.

नेरूळकर:

माझ्याकडून एक भर. मी बांधकामावर सुपरवायझर आहे. आमच्याकडे मिस्त्री आणि बिगारी अशा दोनच जाती. नाक्यावरून रोजाने आणलेला, माल वाहणारा, तो बिगारी. संध्याकाळी रोख पैसे घेऊन जातो. बायकोने एकदा पेपरात वाचून विचारलं, तुमच्या साइटवर वेठबिगार असतात का? मी म्हटलं, चाळीस आहेत. ती बघतच राहिली. मग लक्षात आलं, तिची बिगार वेगळी, माझी वेगळी.

कोशकीडा:

नेरूळकर, हा नमुना मी वहीत उतरवून घेतला. ‘वेठबिगार’ हा शब्दच मजेशीर आहे, दोन्ही तुकड्यांचा अर्थ एकच. वेठ आली संस्कृत ‘विष्टि’वरून, म्हणजे सक्तीचं काम. बिगार फारसी, तीही फुकट राबवणंच. संस्कृत आणि फारसी एकत्र जुंपले. पुढे दोघांची फाटाफूट झाली. बिगार नाक्यावर गेली आणि रोख मजुरी घेऊ लागली. वेठ वर्तमानपत्रात गेली, ‘संपाने प्रवाशांना वेठीस धरले’. राबणाऱ्याच्या तोंडात दोन्हीपैकी एकही राहिली नाही.

मुरबाडकर:

शेवटचं वाक्य लाख मोलाचं. त्याचा परिणाम काय होतो ते मी डोळ्यांनी बघितलंय.

दिवाळी झाली की आमच्याकडच्या कातकरी वाड्या रिकाम्या होतात. मंडळी भिवंडी, शहापूर, कुठे कुठे वीटभट्टीवर जातात, पार पावसाळ्यापर्यंत. त्याआधी भाद्रपदात, घरात दाणा नसतो तेव्हा, मालकाचा माणूस येऊन ‘उचल’ देतो. भट्टीवर आठवड्याला ‘खर्ची’ मिळते, मीठमिरचीपुरती. हंगाम संपला की ‘हिशोब’. हिशोबात नेहमी काहीतरी ‘अंगावर’ राहतं, म्हणजे पुढच्या वर्षी त्याच भट्टीवर जाणं आलं. हे चार शब्द धरून ठेवा: उचल, खर्ची, हिशोब, अंगावर. यात वेठ नाही, बिगार नाही, गुलामी नाही.

आता चौकशीला कुणी आलं आणि विचारलं, “तू वेठबिगार आहेस का?” उत्तर काय येणार? “नाय साहेब. मालक चांगलाय. पैसं अंगावर हायत, ते फिटलं की मोकळा.” झालं, कागदावर ‘नाही’ पडलं. खरं तर ‘फिटलं की मोकळा’ हेच कर्जापायी अडकल्याचं लक्षण, आणि १९७६ चा वेठबिगार उच्चाटनाचा कायदा नेमका त्यावरच आहे. असं बांधून ठेवणारं देणं फेडायची जबाबदारीच तो कायदा संपवतो. पण विचारणाऱ्याचा शब्द आणि सांगणाऱ्याचा शब्द एकमेकांना ओळखतच नाहीत.

आमच्या जिल्ह्यात (पालघर २०१४ साली वेगळा झाला, त्याआधीचा ठाणे जिल्हा धरा) जुना शब्द होता ‘लग्नगडी’. लग्नासाठी सावकाराकडून पैसे घ्यायचे आणि नवराबायकोने त्याच्याकडे राबत राहायचं. १९४५ च्या वारल्यांच्या उठावात ही पद्धत मोडली. तो शब्द ऐकला की काय चाललंय ते लहान पोरालाही कळायचं. ‘उचल’ ऐकून काहीच कळत नाही, ती बँकेतूनही उचलतात.

दोन पैसे:

सगळं भावनिक आहे, पण कायद्याची भाषा नेमकीच हवी. उद्या निकालपत्रात ‘अंगावरचे पैसे’ लिहायचं का? ज्याला शब्द कळत नाही त्याला शिकवा. शिबिरं त्यासाठीच असतात ना?

मुरबाडकर:

निकालपत्रात वेठबिगार लिहा, हरकत नाही. पण प्रश्न विचारताना ‘उचल किती घेतली, हिशोब कधी झाला, मध्ये सोडून जाता येतं का, पोराला बरं नव्हतं तेव्हा जाऊ दिलं का’ असं विचारा. या चार उत्तरांतून वेठबिगार आहे की नाही हे विचारणाऱ्याने ओळखायचं. ते ओळखायला शिकायचं काम त्याचं आहे, राबणाऱ्याचं नाही. आणि नेमकेपणाचं म्हणाल, तर १९८२ साली एशियाडच्या (दिल्लीतल्या आशियाई खेळांच्या) बांधकामावरच्या मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानेच म्हटलं, की नाइलाजाने किमान वेतनापेक्षा कमी पैशांत राबणं हीसुद्धा सक्तीची मजुरी. म्हणजे कायद्यातला अर्थ कोशातल्यापेक्षा कितीतरी ऐसपैस आहे. ‘फुकट राबणारा तोच वेठबिगार’ असं धरून बसलेला शिकलेला माणूसही चुकतोच.

दोन पैसे:

एशियाडचं माहीत नव्हतं. एवढं मान्य.

पायवाट:

येऊरला ‘दावा’ शब्दावरही अडलं होतं. वनहक्काचा दावा भरा म्हटलं, तर एक काका म्हणाले, सरकारशी दावा कशाला मांडायचा? आपल्याला राहायचंय इथं. खरंच की, ‘दावा साधला’ म्हणजे वैर काढलं. मी तेव्हापासून ‘अर्ज’ म्हणते. कायद्याने तो दावाच आहे, ठाऊक आहे मला. पण जे काका ‘माझं अतिक्रमण वरल्या अंगाला आहे’ असं स्वतःच्या शेताबद्दल सांगतात, त्यांच्याशी बोलताना मी कुठल्या शब्दाचा आग्रह धरू? २००६ चा वनहक्क कायदा त्यांना हक्कदार म्हणतो आणि ते स्वतःला अतिक्रमणवाले म्हणतात. हा शब्द त्यांना कुणी शिकवला ते वेगळं सांगायला नको.

असो. फ्लेक्सचा मजकूर असा केलाय, बघा:

‘कायद्याची माहिती. पोलीस, कोर्ट, जमीन, मजुरी, काहीही अडचण असो. आदिवासींना सरकारी खर्चाने वकील मिळतो. कमाई कितीही असो. रविवारी सकाळी १० वाजता, शाळेजवळ. फोन १५१००.’

कोशकीडा:

‘मोफत’ काढलंत? का?

पायवाट:

मुद्दाम. मोफत म्हटलं की लोक ‘फुकटचा वकील’ ऐकतात, आणि फुकटचा वकील म्हणजे तारखेला न येणारा. ‘सरकारी खर्चाने’ म्हटलं की त्याला कुणीतरी पैसे देतंय हे कळतं.

कोर्टनाका:

चांगलं आहे. पण ‘सरकारी वकील’ असा घोळ होऊ देऊ नका. सरकारी वकील फौजदारीत समोरच्या बाजूला उभा असतो! ‘तुमच्या बाजूने बोलणारा वकील, पैसे सरकार देईल’ असं लिहा. आणि नुसतं ‘आदिवासींना’ नको. विधी सेवा कायद्याच्या कलम १२ मध्ये अनुसूचित जाती-जमाती, बायका, मुलं, अपंग, कोठडीतले, वेठबिगारीत अडकलेले, असे बरेच आहेत, आणि यांना उत्पन्नाची अट नाही. येऊरला सगळेच काही वारली नाहीत.

मुरबाडकर:

सगळी यादी फ्लेक्सवर नको. ‘आदिवासी आणि सगळ्या बायांना’ एवढं टाका, बाकीचं तोंडी सांगा. वाचणारा पाड्यावर एखादाच असतो, तो इतरांना वाचून दाखवतो. त्याला दम लागता कामा नये.

पायवाट:

केलं. फ्लेक्सवाल्याला आत्ताच पाठवला. त्याचा निरोप आला, “मॅडम, वरती गणपतीचा फोटो टाकू का? कार्यक्रम आहे ना?”