मोठ्या बोअरच्या रिव्हॉल्वरची जादा काडतुसं: खिसा, पट्टा की लोडर?

काजूबाग_खानापूर विचारतात:

नमस्कार मंडळी. वारसानं आलेलं .३५७ मॅग्नम रिव्हॉल्वर आहे. नळी ४ इंची, चक्रात सहा घरं, मूठ जाड लाकडी. परवाना माझ्या नावावर झालाय, क्षेत्र कर्नाटक राज्य. सध्या जादा काडतुसं पँटच्या खिशात सुटी असतात. कातडी पट्ट्याच्या घरात ठेवली तर पावसाळ्यात पितळेवर हिरवं चढतंय. तर जादा किती बाळगावीत, कशात बाळगावीत आणि हे हिरवं कशानं थांबेल? कामासाठी चंदगडकडेही जाणं असतं, त्याचंही सांगा.

रेंजवाला यांचं उत्तर:

अण्णा, पहिलं काम म्हणजे खिशातली सुटी काडतुसं आजच बाहेर काढा. किल्ल्या-नाण्यांनी शिशाची गोळी ओरखडते, खिशातलं सूत आणि धूळ चक्राच्या घरात जाते, आणि घाईत हाताला काडतूस उलटं लागतं.

किती, हे वजनावर ठरवा. .३५७ ची १५८ ग्रेनची (ग्रेन म्हणजे गोळीच्या वजनाचं माप) बारा काडतुसं २०० ग्रॅमच्या आसपास भरतात. .४४ मॅग्नमची २४० ग्रेनची बारा घेतली तर वजन ३०० ग्रॅमला टेकतं. एवढं वजन एकाच बाजूला लोंबलं की पट्टा फिरतो आणि होल्स्टरचा कोन बिघडतो. म्हणून सहा चक्रात आणि सहा बाहेर एवढं पुरे. बारा बाहेर ठेवायचीच असतील तर सहा-सहा करून दोन जागी ठेवा.

आता कशात ते. गोल स्पीडलोडर, म्हणजे सहाही काडतुसं एकदम चक्रात सोडणारं साधन, सगळ्यात वेगवान, पण तो जवळपास चक्राइतकाच जाड असतो. तुमच्या मापाच्या रिव्हॉल्वरचं चक्र ३७ ते ४० मिलिमीटरचं असतं. .४४ च्या मोठ्या चौकटीचं ४३ च्या घरात जातं. सदऱ्याखाली तेवढा फुगवटा दिसतोच. गाठ फिरवून सोडायच्या लोडरमध्ये काडतुसं थोडी हलतात, त्यामुळे सहाही टोकं एकदम घरात बसवायला सराव लागतो. दाबून सोडायच्या लोडरमध्ये ती घट्ट राहतात. गाठवाला घेतलात तर गाठ पाऊचमध्ये आपोआप फिरत नाही ना, हे बघा. फिरली तर सहाही काडतुसं पाऊचच्या तळाशी.

तुमची मूठ जाड आहे म्हणता, तिथंच लोडर अडणार. मुठीच्या डाव्या लाकडी पाकळीचा वरचा कोपरा लोडरला आडवा येतो आणि खालची दोन काडतुसं तिरकी घुसतात. तो कोपरा कमी करून घ्यावा लागतो, नाहीतर बारीक मूठ बसवावी. हे न करता लोडर विकत घेणं म्हणजे पैसे पाण्यात.

माझं मत विचाराल तर रोजच्या वापराला रबरी पट्टी, म्हणजे स्पीडस्ट्रिप. तिची जाडी काडतुसाच्या कडेएवढीच (कड म्हणजे तळाची बाहेर आलेली गोल किनार), .३५७ ला ११ मिलिमीटरच्या आसपास. सदऱ्याच्या खिशातही सपाट बसते. दोन-दोन काडतुसं शेजारच्या घरांत सरकवायची आणि पट्टी बाजूला सोलून काढायची. सहा खाचांच्या पट्टीत सहा भरू नका. पहिली खाच रिकामी ठेवून पाच भरा, म्हणजे बोटाला धरायला जागा राहते. .४४ मॅग्नम आणि .४५ कोल्ट या दोघांच्या कडा १३ मिलिमीटरच्या आसपास, त्यामुळे त्यांना एकच पट्टी चालते. पण .३२ ची कड साडेनऊच असते. .३५७ ची पट्टी .३२ ला लावली तर काडतुसं गळून पडतात. रबर उन्हानं कडक होतं. वाकवल्यावर खाचेत चीर दिसली की पट्टी बदला.

सीमेवरचा_वकील यांचं उत्तर:

कायद्याची बाजू नीट समजून घ्या. सीमाभागात चूक इथंच होते.

परवान्यात काडतुसांचे दोन आकडे असतात, एका वेळी जवळ किती आणि वर्षभरात खरेदी किती. घरात, चक्रात आणि पट्टीत मिळून जी असतील ती सगळी पहिल्या आकड्यात धरतात. तुमच्या पुस्तिकेत जो आकडा आहे तोच तुमच्यासाठी खरा. दुसऱ्या जिल्ह्यातल्या पाहुण्याचा आकडा आपल्याला लागू होत नाही.

क्षेत्र ‘कर्नाटक राज्य’ असेल तर बाचीच्या पुढे शिनोळीला शस्त्र नेता येत नाही आणि काडतूसही नाही. बाची ओलांडलं की चंदगड तालुका, म्हणजे महाराष्ट्र. निपाणीकडून कोगनोळीच्या पुढे कागलला तेच, आणि कणकुंबीवरून चोर्ल्याकडे गेलात तर पुढे गोवा. रिव्हॉल्वर घरी आहे पण पट्टी खिशात राहिली, हाही परवान्याच्या बाहेरचाच प्रकार ठरतो. क्षेत्र वाढवून घ्यायचं तर परवाना देणाऱ्या कार्यालयात अर्ज करा. तुम्ही तालुक्यातले, म्हणजे डीसी ऑफिस (जिल्हाधिकारी कार्यालय). बेळगाव शहराच्या हद्दीतल्यांना पोलीस आयुक्तालय.

भीमगड अभयारण्यात तर परवाना असूनही शस्त्र नेता येत नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या कलम ३१ प्रमाणे मुख्य वन्यजीव रक्षकांची आधी लेखी परवानगी लागते. आमगाव-गवाळीकडे जाताना हे विसरू नका.

शस्त्र नियम २०१६ नुसार सार्वजनिक जागी हातशस्त्र होल्स्टरमध्ये, पूर्ण झाकलेलं आणि आपल्या ताब्यात असायला हवं. काडतुसांचा उघडा पट्टा कमरेवर मिरवू नका. आणि .३५७ मध्ये .३८ स्पेशल बसतं म्हणून परस्पर विकत घेऊ नका. .३८० आणि .४५५ ची कडवाली काडतुसं झाडणारी रिव्हॉल्वरं प्रतिबंधित बोअरमध्ये (बोअर म्हणजे नळीचं माप) मोडतात, त्यामुळे ३८ हा आकडा दिसला की तपासणारा थांबतोच. परवान्यावर जो बोअर लिहिलाय तेच काडतूस घ्या.

निवडणुकीत शस्त्र जमा करायचा आदेश आला तर पावतीवर काडतुसांची संख्या लिहून घ्या. वापरलेल्या पुंगळ्या, म्हणजे काडतुसांची रिकामी पितळी कवचं, याही टाकू नका, नवीन खरेदीच्या वेळी त्यांचा हिशेब मागितला जाऊ शकतो.

काजूबाग_खानापूर:

चंदगडचं ध्यानात आलं, आजच पुस्तिका उघडून बघतो. पट्टीच घेईन म्हणतो. पण हिरव्याचं कुणी सांगितलं नाही. आणि मॅग्नमच्या पुंगळ्या बाहेर काढताना एखादी अडकते, ती का?

लोहार_गल्ली यांचं उत्तर:

हिरवं चढतं ते कातड्यामुळे. कातडं कमावताना वापरलेली आम्लं आणि आपल्याकडची ओल, दोन्ही मिळून पितळ खातात. कणकुंबी-जांबोटी पट्ट्यातल्या पावसात तर लवकरच. कातडी घर फक्त बाहेर पडताना वापरा. घरी आलात की काडतुसं काढून, कोरड्या सुती फडक्यानं पुसून प्लास्टिकच्या डबीत ठेवा, सोबत सिलिका जेलची पुडी टाका आणि डबी कुलुपात. पुसताना तेल लावू नका. पातळ तेल प्रायमरच्या, म्हणजे तळाच्या ठिणगी देणाऱ्या टोपीच्या, कडेनं आत झिरपतं आणि काडतूस फुसकं निघतं. निकेलचा मुलामा असलेल्या पुंगळीवर हिरवं सहसा चढत नाही, मिळाली तर तीच घ्या. पुसल्यावरही पितळेत खड्डे दिसले तर ते काडतूस बाळगू नका. उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर तर कधीच ठेवू नका.

पुंगळी अडकण्याचं कारण मापात आहे. .३५७ ची पुंगळी ३२.८ मिलिमीटर लांब, आणि आखूड नळीच्या रिव्हॉल्वरच्या ढकलदांड्याची (पुंगळ्या बाहेर ढकलणाऱ्या दांड्याची) चाल त्यापेक्षा कमी. ४ इंचीत दांडा लांब असतो, तरी नळी आडवी धरून हळू ढकललं तर एखादी पुंगळी निसटून चांदणीच्या, म्हणजे एक्स्ट्रॅक्टरच्या खाली जाते. मग चक्र बंदच होत नाही. नळी आभाळाकडे करा, बोट चापाबाहेर ठेवा आणि तळव्यानं दांड्यावर एकच जोराचा ठोका द्या. पुंगळ्या आपल्याच वजनानं पडतात. नंतर नळी खाली करून भरा.

चांदणीखाली न जळलेल्या दारूचे कण अडकले तरी चक्र घट्ट फिरतं. जुन्या दात घासायच्या ब्रशनं तिथं घासा. चक्राची घरंही तपासा. पूर्वी कुणी .३८ झाडलं असेल तर घरात पुढच्या बाजूला काजळीचं कडं बसतं आणि लांब मॅग्नम पुंगळी पुरती आत जात नाही. तांब्याचा ब्रश आणि सॉल्व्हंटनं ते निघतं. लोखंडी तारेनं खरवडू नका, घराला चरे पडतात.

रेंजवाला:

लोहारांच्या उत्तरात एक भर. हलक्या रिव्हॉल्वरमध्ये जड गोळी वापरली की प्रत्येक धक्क्याला बाकीच्या काडतुसांतल्या गोळ्या पुंगळीतून पुढे सरकतात. एखादी चक्राच्या तोंडाबाहेर आली की चक्र अडतं. रेंजवर पाच झाडा आणि सहावं काढून नव्या काडतुसाशेजारी उभं करून उंची बघा. फरक दिसला तर तो माल बाळगू नका.

सराव खऱ्या काडतुसांनी करू नका. प्लास्टिकचे किंवा ॲल्युमिनियमचे स्नॅप कॅप, म्हणजे सरावाची नकली काडतुसं, घ्या, माप तेच असतं. पण ते हलके असतात, त्यामुळे पाऊच हिंदकळतं का हे त्यांच्यावरून कळत नाही. त्यासाठी रिव्हॉल्वर कुलुपात ठेवून पट्टीत खरी काडतुसं भरा आणि बागेत फेरी मारा. परत आल्यावर मोजा. एक जरी कमी भरलं तर पट्टी ढिली आहे, दुसरी घ्या, आणि पडलेलं काडतूस सापडेपर्यंत शोधा.

काजूबाग_खानापूर:

आता कातड्यातली सगळी काढून पुसली. दोघांवर खड्डे दिसतायत, ती वेगळी ठेवलीत. ती कुठं द्यायची?

सीमेवरचा_वकील:

पुरू नका, विहिरीत टाकू नका. परवाना घेऊन अधिकृत शस्त्र विक्रेत्याकडे किंवा पोलीस ठाण्यात विचारा, आणि जमा केलीत तर संख्येसकट पावती घ्या. तुमच्या हिशेबातून ती दोन कमी झाल्याचं तेवढंच लेखी राहील.