कामगारांच्या समाजमाध्यम वापरासाठी नियमावली : मर्यादा कुठे आखावी?

कुपवाडकर (प्रश्न)
नमस्कार. कुपवाड औद्योगिक वसाहतीतील एका लहान फाउंड्रीत (धातू ओतकामाच्या कारखान्यात) मी आस्थापनेचे काम पाहतो. एका तरुण कामगाराने मशीनसमोर काढलेली रील इन्स्टाग्रामवर टाकली आणि तिच्यात मागच्या फळ्यावरचे ग्राहकाचे ड्रॉइंग स्पष्ट दिसत असल्याने त्या ग्राहकाचे खरमरीत पत्र आले. आता मालकांनी मला नियमावली लिहायला सांगितली आहे. कंपनीविषयी कोणीही, कुठेही, काहीही लिहू नये, कामगारांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपमध्ये सुपरवायझर असावा आणि नियम मोडणाऱ्याला त्याच दिवशी काढावे, असे त्यांचे म्हणणे आहे. हे कायद्यात बसेल का, आणि बसले तरी पाळले जाईल का?

कामगार कायदा, सांगली
ड्रॉइंग बाहेर जाणे आणि कामगाराने नाराजी व्यक्त करणे या वेगळ्या गोष्टी आहेत. मालकांनी त्या एकाच वाक्यात बांधल्या आहेत. पहिलीसाठी नियम जितका नेमका तितका टिकाऊ : ड्रॉइंग, जॉब कार्ड, डाय आणि ग्राहकाचे नाव असलेला माल यांचे चित्रीकरण करू नये, एवढे पुरे. दुसऱ्या बाबतीत डिसेंबर 2023 मधील मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल मालकांच्या बाजूचा आहे. वेतनकराराचा वाद चालू असताना फेसबुकवर व्यवस्थापनाविरुद्ध चिथावणीखोर मजकूर टाकणाऱ्या कामगाराची बडतर्फी न्यायालयाने योग्य ठरवली. मात्र त्या प्रकरणातही आधी आरोपपत्र देऊन चौकशी झाली होती. ‘त्याच दिवशी काढावे’ हे कलम मात्र कामगार न्यायालयात सर्वात आधी अडचणीत येईल.

सातारा लिपिक
राज्य शासनाने 28 जुलै 2025 रोजी आपल्या कर्मचाऱ्यांसाठी अशा सूचना काढल्या असून त्या स्थानिक स्वराज्य संस्थांनाही लागू असल्याने आम्हाला त्या वाचाव्याच लागल्या. वैयक्तिक व कार्यालयीन खाते वेगळे ठेवावे, तसेच स्वतःचे छायाचित्र वगळता पदनाम, बोधचिन्ह, गणवेश, शासकीय वाहन किंवा इमारत यांचा वापर वैयक्तिक खात्यावरील फोटो व रील्समध्ये टाळावा, हा भाग आपणांस जवळपास तसाच घेता येईल. शासनाच्या धोरणांवर टीका करू नये, हा भाग मात्र उचलू नका. तो सरकारी कर्मचाऱ्यांसाठीच्या 1979 च्या वर्तणूक नियमांच्या चौकटीतला आहे, आणि सरकारी नोकरी म्हणजे अभिव्यक्ती स्वातंत्र्याचा संपूर्ण त्याग नव्हे, असे त्रिपुरा उच्च न्यायालयाने 2020 मध्ये म्हटलेच आहे. खासगी फाउंड्रीने सरकारपेक्षा कडक व्हावे, हे मला तरी पटत नाही.

मिरजेचा फिटर
ग्राहकाचे ड्रॉइंग उघड्या फळ्यावर कोणी लावले, हे आधी विचारावे. ग्रुपमध्ये सुपरवायझर घातला, तर संध्याकाळपर्यंत त्याच्याशिवायचा दुसरा ग्रुप तयार होईल आणि पहिल्यावर फक्त ‘शुभ सकाळ’ उरेल. ग्रुपच्या ॲडमिनलाच जबाबदार धरण्याचा विचार असेल, तर इतर सदस्याच्या आक्षेपार्ह मजकुरासाठी ॲडमिनला सरसकट दोषी धरता येत नाही, असा मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाचा 2021 चा निकाल आहे. नियम मराठीत आणि आमच्याकडच्या परप्रांतीय मुलांसाठी हिंदीतही लिहा. इंग्रजी कागदावर सही सगळे करतात, वाचत कोणी नाही.

कामगार कायदा, सांगली
फिटरसाहेबांच्या भाषेच्या मुद्द्याला आधार आहे. स्थायी आदेश, म्हणजे कारखान्यातील सेवाशर्तींचे व शिस्तीचे नियम, इंग्रजीबरोबरच बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत लावण्याची अट 1946 च्या स्थायी आदेश कायद्यातच होती.

कुपवाडकर
सर्वांचे आभार. सुपरवायझरचे कलम मी मसुद्यातून काढले आहे आणि ड्रॉइंग आता बंद कपाटात ठेवण्यास मालक तयार आहेत. परंतु निम्मे कामगार ठेकेदाराकडचे आहेत. त्यांची सही आम्ही घ्यावी की ठेकेदाराने?

कामगार कायदा, सांगली
शिस्तभंगाची कारवाई ठेकेदारच करणार असल्याने, सही त्याने घ्यावी आणि हीच नियमावली त्याच्या करारपत्राला जोडावी. आपण परस्पर कारवाई केलीत, तर हे कामगार खरे कोणाचे, हा वाद आपणच ओढवून घ्याल.