कोकणात पिकअपला डिझेल इंजिन कुठलं घ्यावं? १.९, २.८ की जुनं साधं २.५?

देवगडचा बागायतदार

घरात महिनाभर यावरून वाद चाललाय, म्हणून इथे मांडतो. आमची कलमं कातळावर, डांबरी रस्त्यापासून दीड किलोमीटर आत. गाडी २०११ ची बोलेरो कॅम्पर. तिने खूप केलं, पण आता भरलेल्या क्रेटांसकट बागेतली चढण चढताना तिला धाप लागते. आता गाडी एकच घ्यायची, आणि तिनेच सगळं करायचं. सकाळी खत आणि फवारणीचा पंप, हंगामात आंबा, आणि वर्षातून पाच-सहा वेळा आईला घेऊन करूळ घाटाने कोल्हापूरला. म्हणून चार दारं हवीतच.

अशा गाड्या आपल्याकडे मोजक्याच. इसुझूची हाय-लँडर आणि व्ही-क्रॉस, दोन्हींत १.९ लिटर डिझेल, ताकद १६३ पीएस, ओढ ३६० एनएम. आणि २०२२ मध्ये आलेली टोयोटा हायलक्स, २.८ लिटर, २०४ पीएस. तिच्या मॅन्युअलला ४२० एनएम, ऑटोमॅटिकला ५००.

माझं मत १.९. आमच्या रस्त्यावर गाडी चाळीसच्या पुढे जात नाही, तिथे २०४ पीएस घेऊन करायचं काय? पैसे इंजिनात घालण्यापेक्षा विहिरीवर नवा पंप बसवीन. धाकटा भाऊ मात्र २.८ वर अडून बसलाय. तुमचं मत सांगा, पण कारणासकट.

घाटातला चालक

भाऊ बरोबर बोलतोय. तुम्ही पीएस बघताय, चढणीला पीएस कामाचे नाहीत. इंजिन मिनिटाला कमी फेऱ्या घेत असताना किती ओढतं ते बघा.

एकवीस वर्षं माल घेऊन करूळ आणि फोंडा घाट चढतोय. वळणावर होतं काय, तर समोरून एसटी येते, तुम्ही गाडी आत दाबता आणि वेग दहा-बारावर येतो. दुसऱ्या गिअरमध्ये फेऱ्या हजार-बाराशेवर उतरतात. त्या क्षणाला छोट्या इंजिनाचा टर्बो, म्हणजे इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा पंखा, भरलेला नसतो. १.९ चे ३६० एनएम २००० फेऱ्यांपासून मिळतात, त्याच्या खाली गाडी नुसती गुरगुरते. मग पहिला टाका, क्लच घासा, मागच्याचा हॉर्न ऐका. हायलक्सच्या मॅन्युअलला ४२० एनएम १४०० फेऱ्यांपासूनच असतात. त्या वळणावर तुमचा पाय क्लचकडे जाणारच नाही. वर्षाला एक क्लचप्लेट वाचली तर हिशेब कुठे जातो बघा.

उतरतानाही तेच. मोठं इंजिन खालच्या गिअरला गाडी जास्त धरून ठेवतं, ब्रेक तापत नाहीत. पावसात धुकं उतरलं की याची किंमत कळते.

गॅरेज, कुडाळ

दोघांचंही म्हणणं ऐकलं. पण तुम्ही इंजिन किती लिटरचं यावर भांडताय आणि माझ्याकडे गाड्या येतात त्या सायलेन्सरच्या दुखण्याने.

१ एप्रिल २०२० पासून विकली गेलेली प्रत्येक नवी डिझेल गाडी बीएस-६, म्हणजे धुराच्या कडक नियमांतली आहे. या गाड्यांना धुराच्या वाटेवर काजळी अडवणारी जाळी असते, डीपीएफ. ती भरली की गाडी स्वतःच जास्तीचं डिझेल फवारून, धूर सहाशे अंशांच्या आसपास तापवून ती काजळी जाळते. पण त्यासाठी गाडी गरम हवी आणि पंधरा-वीस मिनिटं सलग बऱ्यापैकी वेगात पळायला हवी. बागायतदार दादा, तुमची गाडी काय करणार? घरातून बाग दीड किलोमीटर, तिथे तासभर उभी, परत घर. जाळी साफ व्हायला सुरुवात होते आणि तुम्ही चावी फिरवून इंजिन बंद करता. असं पुन्हा पुन्हा.

गेल्या मे महिन्यात एक गाडी आली. मालकाची तक्रार एवढीच की दिवा लागलाय आणि चढणीला ओढत नाही. मी डिपस्टिक काढली. ऑइल वरच्या खुणेच्याही वर अर्धा बोट! ऑइल कमी झालेलं सगळ्यांनी पाहिलंय, वाढलेलं पाहून मालक चक्रावला. बोटाला लावून हुंगायला सांगितलं, डिझेलचा वास. जाळी जाळायला फवारलेलं डिझेल अर्धवट राहून खाली ऑइलमध्ये उतरलं होतं. असं पातळ ऑइल घेऊन गाडी चालवली की टर्बो आणि बेअरिंगं जातात. आधी ज्या वर्कशॉपला त्याने दाखवली, तिथे दिवा पुसून गाडी परत दिली होती. ऑइल कुणी पाहिलंच नव्हतं, याचा मला फार राग आला.

हे १.९ लाही होतं आणि २.८ लाही. उलट मोठं इंजिन तुमच्या चिमूटभर फेरीत गरम व्हायला जास्तच वेळ घेणार. मी तुमच्या जागी असतो तर नवी घेतलीच नसती. कॅम्परचं इंजिन उघडून नीट बांधून घेतलं असतं.

देवगडचा बागायतदार

@गॅरेज, हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. शोरूममध्ये तासभर बसलो, सीटचं कापड दाखवलं, डीपीएफचं नाव नाही. पण कॅम्पर पुन्हा बांधायची म्हणजे आईला त्याच खडखडाटात कोल्हापूरला न्यायचं. तिच्या गुडघ्यांची शस्त्रक्रिया झाली आहे, ते आता नको. आठवड्यातून एकदा नांदगाव तिठ्यावरून हायवेने कुडाळपर्यंत जाऊन आलो तर चालेल का?

गॅरेज, कुडाळ

चालेल. चौपदरी रस्ता आहे, गाडी एका वेगात राहते. पण दर आठवड्याला जायचं, आणि ऑइल कंपनीने सांगितलंय त्याच्या आधीच बदलायचं. हे जमणार असेल तरच नवी घ्या.

हर्णै बंदर

आमच्याकडे पिकअप म्हणजे मासळी. तुम्ही जी नावं घेताय त्या माझ्या दृष्टीने मोटारीच. मागे हौदा लावलेल्या मोटारी. बोलेरो पिकअपच्या नावातच १.३, १.७ टन लिहिलेलं असतं. हायलक्स, व्ही-क्रॉसला कागदावर त्याच्या जवळपासही माल नेता येत नाही. आंब्याच्या एका क्रेटमध्ये वीस किलो धरा, पन्नास क्रेट म्हणजे एक टन. हंगामात तुम्ही पन्नास भरणार नाही असं शपथेवर सांगा.

चार दारंच हवीत तर इसुझूची एस-कॅब बघा. तिला २.५ लिटरचं जुनं इंजिन आहे, ७८ पीएस, १७६ एनएम. आकडे ऐकून हसू नका. संध्याकाळी लिलाव संपला की बर्फासकट माल घेऊन असलीच हळू इंजिनं दापोलीची चढण चढतात. वेळ लागतो, पण पोचतात.

घाटातला चालक

पोचतात, मान्य. पण १७६ एनएमवर करूळ चढताना मागे वीस गाड्यांची रांग लागते आणि त्यातला एखादा वळणावर ओव्हरटेक करायला निघतो. घाटात हळू गाडी ही दुसऱ्याच्या जिवाशी गाठ आहे. आईला घेऊन जायचंय म्हणतात ते.

मालवणकर

इंजिनाचा काय घेवन बसलास? आधी गाडयेच्या खाली वाकान बघ. खारो वारो लागलो की पत्रो पयलो जाता, इंजिन मागसून.

माझी जुनी पिकअप किनाऱ्यापासून तीनशे मीटरवर उभी असायची. इंजिन आजही वाजवा, एका चावीत सुरू. पण मागचा हौदा गंजून सुटला. बीएस-६ गाड्यांना तर जागोजागी सेन्सर आणि त्यांच्या वायरींचे जोड. जोडात मीठ बसलं की गाडी अडलीच. गाडी कुठलीही घ्या, पहिल्या पावसाआधी खालून गंजरोधक मारून घ्या आणि किनाऱ्यावर नेलीत की त्याच दिवशी गोड्या पाण्याने धुवा.

सावंतवाडीची लेक

मी चार वर्षं व्ही-क्रॉस चालवतेय, ऑटोमॅटिक. सावंतवाडी–बेळगाव, आंबोली घाटातून, महिन्यातून दोनदा तरी. घाटातल्या चालकदादांना मान देऊनच सांगते, वळणावर गाडीची ओढ पडण्याचा प्रश्न ऑटोमॅटिकने सोडवला आहे. ती स्वतःच खालचा गिअर घेते आणि फेऱ्या टर्बोच्या टप्प्यात ठेवते. मला १.९ कधी अपुरं वाटलं नाही, गाडीत पाच माणसं आणि मागे सामान असतानासुद्धा.

आणि बागेतल्या कातळासाठी एक गोष्ट कुणी बोललंच नाही. चारही चाकं ओढणाऱ्या व्ही-क्रॉसला लो-रेंज आहे. ते लावलं की इंजिनाची ओढ गिअरमध्येच वाढून चाकाला मिळते, गाडी माणसाच्या चालीने चढते. पहिल्या पावसानंतर कातळावर शेवाळ धरतं तेव्हा मी हेच लावते. हाय-लँडरचं इंजिन तेच, पण ती फक्त मागच्या दोन चाकांवर चालते, तिला लो-रेंज नाही. तेव्हा दादा, तुमची निवड १.९ की २.८ एवढीच नाहीये. आधी हाय-लँडर यादीतून काढा.

ह्यूस्टनहून वेंगुर्ल्याचा

इकडे मध्यम पिकअपमधून डिझेल निघूनच गेलं. शेवरले कोलोरॅडोला २.८ डिझेल २०१६ ते २०२२ मिळत होतं, २०२३ च्या मॉडेलपासून फक्त २.७ लिटर टर्बो पेट्रोल. जीप ग्लॅडिएटरचं ३ लिटर डिझेलही २०२३ नंतर बंद. डीपीएफची कटकटच नको असेल तर पेट्रोलचा विचार करा.

देवगडचा बागायतदार

दादा, कुठून करू? हायलक्स आणि व्ही-क्रॉस भारतात डिझेलमध्येच येतात.

सगळ्यांचं वाचून भावाला दाखवलं. हाय-लँडर काढली. हर्णैच्या भाऊंचं मालाचं गणित पटलं, हंगामात महिनाभर भाड्याची पिकअप लावू, तसंही वाशीचा माल आम्ही ट्रान्सपोर्टनेच पाठवतो. आता व्ही-क्रॉस ऑटोमॅटिक की हायलक्स, एवढंच उरलं. मी अजून १.९ वरच आहे. भाऊ हललेला नाही.

घाटातला चालक

मग ट्रायल सपाट रस्त्यावर घेऊ नका. घरची पाच माणसं बसवा, शोरूमवाला चालेल म्हणाला तर मागे चार-पाच गोणी टाका आणि चढणीला न्या. वळणावर वेग दहावर आणा, मग ॲक्सिलरेटर द्या. पाय दाबल्यापासून गाडी ओढायला लागेपर्यंत एक-दोन-तीन मोजा. दोन्ही गाड्यांचं मोजा. आणि मोजायला भावाला बसवा, तुम्ही नको.